१३५ लिटरांचा हिशेब

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणी आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी. एरवी तेलाची ने-आण करण्याजोग्या त्या वाघिणी आधी राजस्थानात कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाफेने धुवून घेतल्या होत्या. लातूरची तहान भागवणारं मांजरा धरण कोरडं ठणठणीत पडलं होतं. पाणी भरण्याच्या ठिकाणी हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून मार्च महिन्यातच जमावबंदी लावावी लागली होती. पुढे या ‘जलदूत’ गाडीच्या वाघिणी ५० झाल्या आणि एका खेपेला २५ लाख लिटर पाणी येऊ लागलं.

२५ लाख लिटर म्हणजे प्रचंड पाणी वाटतं. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांच्या आसपास होती. भागाकार केला तर माणशी साडेसहा लिटर येतात. शहरातल्या घरांमध्ये कमोडवर बसवलेल्या जुन्या टाक्या एका दट्ट्याला दहा-बारा लिटर पाणी सोडतात. म्हणजे साडेतीनशे किलोमीटरवरून आलेली ती अख्खी गाडी लातूरकरांना एकेकदा अशी टाकी रिकामी करायलाही पुरली नसती.

हा भागाकार केल्यापासून माझा पाणी वाचवण्याविषयीचा विचार बदलला. ‘पाणी जपून वापरा’ हे शाळेच्या भिंतीपासून पाणीपट्टीच्या पावतीपर्यंत सगळीकडे लिहिलेलं असतं. ते वाचून आपण मान डोलावतो, आणि आपल्या घरात रोज किती पाणी लागतं असं कोणी विचारलं तर सांगता येत नाही. महिन्याला किती गॅस, किती वीज, किती दूध लागतं हे घरोघर ठाऊक असतं. पाण्याचा आकडा मात्र कोणालाच माहीत नसतो. जे मोजलेलंच नाही ते कमी झालं की वाढलं, हे कळणार तरी कसं?

म्हणून आधी एक आकडा घेऊ. शहरांच्या पाणीयोजना आखताना आपल्याकडे दरडोई दर दिवशी १३५ लिटर हा मापदंड धरतात. ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनने ५५ लिटरांचं उद्दिष्ट ठेवलं. १३५ लिटरांची अभियांत्रिकीच्या पुस्तकांत येणारी नेहमीची विभागणी अशी : आंघोळीला ५५, संडासाला ३०, कपड्यांना २०, भांड्यांना १०, फरशी-घर धुण्यापुसण्याला १०, स्वयंपाकाला ५ आणि पिण्याला ५. पिणं आणि रांधणं, म्हणजे ज्याच्यावाचून जीव जगत नाही, ते दहा लिटरांत भागतं. आंघोळ आणि संडास या दोहोंत ८५ लिटर जातात, म्हणजे जवळजवळ दोनतृतीयांश. आणि हे सगळं पाणी एकाच जलवाहिनीतून येतं, पिण्यायोग्य करूनच येतं. धरणातून उपसलेलं, तुरटीने निवळलेलं, वाळूतून गाळलेलं, क्लोरीन घातलेलं पाणी आपण बहुतांशी संडासात आणि न्हाणीघरात ओततो.

पुण्यातल्या काही उपाहारगृहांनी गिऱ्हाइकाला अर्धाच ग्लास पाणी द्यायची पद्धत सुरू केली. लागलं तर पुन्हा मागा, उष्टं टाकून देऊ नका, एवढंच तिचं म्हणणं. मला ती मनापासून आवडते, कारण पाण्याबद्दलची अदब तिने शिकवली. मात्र घरच्या हिशेबात तिचं स्थान कुठे आहे तेही पाहावं. अर्धा ग्लास म्हणजे साधारण १०० मिलिलिटर. दहा लिटरांच्या टाकीचा एक दट्टा म्हणजे असे शंभर अर्धे ग्लास. काटकसर करायची तर तिची सुरुवात तांब्या-भांड्यापासून करण्यापेक्षा संडासाच्या टाकीपासून केलेली बरी.

या टाकीत करता येण्यासारखं खूप आहे. बाजारात आता दोन बटणांच्या टाक्या मिळतात : एकाने सहा लिटर सुटतात, दुसऱ्याने तीन. चार माणसांचं घर धरू. प्रत्येक जण दिवसातून पाच वेळा संडासात जातो, त्यांतल्या एकाच वेळी पूर्ण पाणी लागतं असं मानू. दोन बटणांच्या टाकीत माणशी १८ लिटर लागतील, जुन्या दहा लिटरी टाकीत ५०. फरक ३२ लिटरांचा, चौघांचा मिळून १२८ लिटरांचा. म्हणजे आणखी एका माणसाला दिवसभर जवळपास पुरेल एवढं पाणी केवळ टाकी बदलल्याने वाचतं, आणि कोणालाही कसलीही सवय बदलावी लागत नाही. टाकी बदलणं परवडत नसेल तर लिटरभराची प्लास्टिकची बाटली वाळू आणि पाण्याने भरून, बूच घट्ट लावून टाकीत एका कडेला उभी करावी, आतल्या फ्लोटला आणि झडपेला लागणार नाही अशी. बाटलीने व्यापलेल्या जागेपुरतं पाणी दर वेळी कमी सुटतं. त्याच चौघांच्या घरात दिवसाला २० लिटर, वर्षाला ७,३०० लिटर. काही जण बाटलीऐवजी वीट ठेवतात. ती पाण्यात झिजते आणि तिचा चुरा झडपेत अडकून टाकी गळायला लागते, तेव्हा वीट नको.

गळतीचं गणित आपण सगळ्यांत कमी लेखतो. थेंब थेंब गळणाऱ्या नळाखाली २०० मिलिलिटरचा पेला ठेवावा आणि घड्याळ लावावं. दहा मिनिटांत तो भरला, तर तासाला सव्वा लिटरच्या आसपास, दिवसाला जवळजवळ २९ लिटर आणि महिन्याला ८६० लिटरांच्या वर पाणी गेलं. नळ काही जोरात वाहत नव्हता, नुसता टपटपत होता. बरं, नळ निदान आवाज करतो. संडासाची टाकी गळते ती आतल्या आत, मुकाट्याने. तिची परीक्षा सोपी आहे. रात्री निजण्यापूर्वी टाकीच्या पाण्यात खाण्याचा रंग चमचाभर टाकावा आणि कोणी दट्टा दाबू नये. अर्ध्या-पाऊण तासाने कमोडमध्ये रंग उतरलेला दिसला की आतला रबरी वायसर गेला म्हणून समजावं. तो वायसर किरकोळ किमतीचा असतो. अडतं ते प्लंबरपाशी. एवढ्याशा कामासाठी तो येत नाही, आला तर त्याची मजुरी वायसरच्या कितीतरी पट होते, म्हणून नळाखाली बादली ठेवून दिवस ढकलले जातात.

नेमकी हीच अडचण मीरा रोडच्या आबिद सुरती यांनी ओळखली. १९३५ साली जन्मलेले सुरती लेखक आणि चित्रकार. ‘बहादूर’ हा चित्रकथांचा नायक त्यांचाच. त्यांचं बालपण मुंबईत डोंगरीला गेलं. तिथे पहाटे चारला रांगेत उभं राहून एकेक बादली मिळवणारी आई त्यांनी पाहिली होती. २००७ साली, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी ‘ड्रॉप डेड फाउंडेशन’ सुरू केलं. संस्था म्हणजे ते स्वतः, एक प्लंबर आणि एक कार्यकर्ती. दर रविवारी एखाद्या सोसायटीत जायचं, दार ठोठावायचं आणि नळ गळतोय का विचारायचं. गळत असेल तर तिथल्या तिथे फुकट दुरुस्त करून द्यायचा. पहिल्या वर्षी त्यांनी १,६६६ घरं पाहिली आणि ४१४ नळ दुरुस्त केले. एका साहित्यसंस्थेकडून मिळालेल्या एक लाख रुपयांच्या पुरस्कारातून हे काम उभं राहिलं. घरांच्या आणि नळांच्या त्या आकड्यांतून निघणारी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते : चार घरांमागे साधारण एक नळ गळत होता, आणि तो दुरुस्त व्हायला घरमालकाला उपदेशाची गरज नव्हती, रविवारी दारात येणाऱ्या प्लंबरची होती. हे काम कोणत्याही सोसायटीला उचलता येईल. वर्षातून दोनदा एक प्लंबर दिवसभरासाठी ठरवायचा, वायसरची पुडी घेऊन त्याने सगळे मजले फिरायचे, खर्च देखभाल निधीतून करायचा. एकाच दिवसात पूर्ण इमारतीची गळती थांबते.

आता आंघोळ. बादलीने अंग धुणारा माणूस मुळातच काटकसरी असतो, हे आपल्या घरांच्या बाजूने नोंदवून ठेवलं पाहिजे. १५ लिटरांची बादली आणि मग घेऊन बसलं की डोक्यावरून न्हायलं तरी दोन बादल्या खूप होतात. शॉवरमधून मिनिटाला दहा लिटर येत असतील आणि माणूस आठ मिनिटं उभा राहिला, तर ८० लिटर गेले. आपल्या शॉवरमधून, आपल्या नळातून मिनिटाला किती पाणी येतं हे तपासून पाहावं. त्याला बादली आणि मोबाइलवरचं घड्याळ एवढंच लागतं. खालच्या मजल्यांवर गच्चीतल्या टाकीचा दाब जास्त, त्यामुळे एकाच इमारतीत पहिल्या मजल्यावरचा नळ चौथ्या मजल्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी फेकतो. अशा घरांत नळाच्या तोंडाला एरेटरची जाळी बसवली की पाण्यात हवा मिसळून धार जाड भासते, पण पाणी निम्म्याने किंवा त्याहूनही कमी येतं. हात धुणाऱ्याला ते जाणवतही नाही. खालचा कॉक थोडा पिळून ठेवला तरी हेच साधतं, आणि त्याला पैसाही लागत नाही.

सोलर असलेल्या इमारतींत एक वेगळी नासाडी होते. गच्चीतून न्हाणीघरापर्यंतच्या नळीत रात्रभर गार झालेलं पाणी साचलेलं असतं, आणि गरम पाणी येईपर्यंत ते सोडून दिलं जातं. आतून २० मिलिमीटर व्यासाच्या २० मीटर नळीत सहा लिटरांहून थोडं जास्त पाणी मावतं. सकाळी पहिली आंघोळ करणाऱ्याने नळाखाली आधीच बादली धरली, तर तेच पाणी विसणाला येतं. जुन्या घरात बंबाचं कढत पाणी घंगाळात काढून त्यात विसण घालायची रीत होती. तिथे असं फुकट सांडायला वावच नव्हता.

त्याच जुन्या घरांत न्हाणीचं पाणी परसात जायचं आणि तिथे केळीचं बन नाही तर अळूचा वाफा असायचा. अळूला ओल लागते, केळीला सतत पाणी लागतं, आणि मोरीतून दोन्ही रोज वाहत यायचं. मोरीच्या तोंडाशी वाढलेल्या त्या अळूची भाजी घरातच व्हायची. आज फ्लॅटमध्ये परस नाही, पण मेळ तोच साधता येतो : कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी बादलीत धरून संडासात ओतायचं किंवा त्याने बाल्कनी धुवायची. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी कुंड्यांना घालायचं. पाणी शुद्ध करणाऱ्या आर. ओ. यंत्राच्या बारीक नळीतून सतत गळणारं पाणी फरशीला चालतं. त्यात क्षार एकवटलेले असतात म्हणून झाडांना ते रोज घालू नये. मुळात आर. ओ. हवंच का, हेही विचारायला हवं. ही यंत्रं एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर टाकून देतात. विंधनविहिरीचं मचूळ पाणी पिणाऱ्यांना ती लागतात. पण सह्याद्रीच्या पावसावर भरणाऱ्या धरणांचं पाणी मुंबई-पुण्याच्या नळांना येतं, त्यात क्षार मुळातच कमी असतात. महापालिकेचं पाणी पिणाऱ्या घरात साधा फिल्टर किंवा उकळणं पुरेसं असताना केवळ जाहिरातीमुळे आर. ओ. बसवलं गेलं असेल, तर रोजच्या पिण्याच्या पाण्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी त्या यंत्रापायी जातं.

भांड्यांविषयी थोडंच सांगायचं आहे. वाहत्या नळाखाली पाव तास भांडी विसळली तर शंभर लिटरांच्या वर पाणी सहज जातं. दोन टबांत तेच काम २० लिटरांत होतं. मात्र बहुतेक शहरी घरांत भांडी घासतात त्या कामाच्या मावशी. त्यांना चार घरं उरकायची असतात आणि वाहता नळ त्यांचा वेळ वाचवतो. त्यांच्यावर ओरडण्याआधी सिंकशेजारी दुसरा टब ठेवायला जागा करून द्यावी, आणि खरकटी भांडी घरच्यांनीच आधी पुसून, भिजवून ठेवावीत. कपड्यांच्या यंत्रात वरून कपडे टाकायच्या प्रकाराला समोरून टाकायच्या प्रकारापेक्षा बरंच जास्त पाणी लागतं. ते बदलणं खर्चाचं काम आहे. यंत्र पूर्ण भरल्याशिवाय लावायचं नाही, एवढं मात्र आजपासूनच करता येतं.

यापुढची सवय खास आपल्याकडची आहे. ज्या गावात नळाला एक दिवसाआड, तीन दिवसांआड, काही ठिकाणी आठवड्याने पाणी येतं, तिथे घरातली प्रत्येक कळशी, पिंप, पातेलं भरून ठेवलं जातं. पुन्हा नळ आला की आधीचं पाणी ‘शिळं’ ठरतं. ते मोरीत ओतून देऊन सगळं नव्याने भरतात. टंचाईच्या गावात, टंचाईमुळेच, पिण्यालायक पाणी असं फेकलं जातं. झाकून ठेवलेलं, ओगराळ्याने काढलेलं पाणी दोन-तीन दिवसांत बिघडत नाही. मनात शंका असेल तर ते पिण्याऐवजी आंघोळीला, कपड्यांना घ्यावं. उघड्या पिंपात डासांची अंडी होतात ही भीती मात्र खरी, तेव्हा पिंपाला घट्ट झाकण हवं आणि आठवड्यातून एकदा ते घासायला हवं.

या सवयीचा दोष मी त्या घरांना देत नाही. पुन्हा पाणी येईल याची खात्री नसली की माणूस साठवतो, आणि साठवतो म्हणून फेकतो. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने हे उलटं करून दाखवलं. तिथल्या नगरपंचायतीने घरोघर मीटर बसवून २४ तास पाणी द्यायला सुरुवात केली आणि वापर वाढेल तसा दर चढत जाईल अशी आकारणी ठेवली. नळ केव्हाही सोडला तरी पाणी येणार म्हटल्यावर पिंपं भरण्याचं कारणच उरलं नाही. वापर बिलात दिसू लागला, आणि दिसू लागला तसा आवरता येऊ लागला. शहरांतल्या मोठ्या सोसायट्यांत बहुधा एकच मीटर असतो आणि बिल सगळ्या सदनिकांत सारखं वाटलं जातं. दोन माणसांच्या आणि सात माणसांच्या घराला सारखीच रक्कम येते. अशा ठिकाणी प्रत्येक सदनिकेला छोटा मीटर बसवण्याचा ठराव ही मला पाणीबचतीची सर्वांत परिणामकारक पायरी वाटते. त्यावर भांडणं होतात, खर्च येतो, दोन न्हाणीघरांना दोन वेगळ्या नळ्या असल्या की तांत्रिक अडचण उभी राहते. तरीही ती सोडून देऊ नये. तोवर निदान गच्चीतली टाकी भरून वाहू नये याची व्यवस्था हवी. मिनिटाला शंभर लिटर चढवणारा पंप दहा मिनिटं जास्त चालला की हजार लिटर पन्हाळीतून खाली येतात. फ्लोट बसवला की हे आपोआप थांबतं.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. महाराष्ट्रातलं बहुतांश पाणी शेतीला लागतं. मग घरातल्या बादल्या मोजून काय होणार? शेतीत पाण्याचा मोठा प्रश्न आहे आणि तो बाटली टाकीत ठेवून सुटणार नाही, हे खरंच. पण प्रत्येक धरणाचा हिशेब वेगळा असतो. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांवरच दौंड-इंदापूरकडे जाणारा कालवा अवलंबून आहे. शहराने जास्त उचललं की उन्हाळी आवर्तनाला कात्री लागते, आणि त्यावरून जवळजवळ दर वर्षी वाद होतो. तिथे शहरातली बचत आणि शेतातलं पीक एकाच साठ्यातून मोजलं जातं. शिवाय घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं अभियंते धरतात. १३५ लिटर वापरणारा माणूस रोज १०८ लिटर मैला नदीकडे पाठवतो, आणि मुळा-मुठेत त्यातलं किती प्रक्रियेविना जातं ते पुलावर उभं राहिलं की नाकाला कळतं. घरात कमी वापरलं तर नदीकडे कमी जातं.

मुंबईचं उदाहरण जास्त बोचणारं आहे. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईकराने नळ बंद केला म्हणून ते पाणी आपोआप पाड्यावर चढत नाही. त्यासाठी योजना लागते, पैसा लागतो, राजकीय इच्छा लागते. पण आपली गरज वाढतच जाणार असं धरून शहर नवनवी धरणं मागत राहतं, तोवर ती योजना मागेच पडणार.

किती कमी करायचं, यालाही सीमा हवी. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनमध्ये फेब्रुवारी २०१८ पासून माणशी ५० लिटरांची मर्यादा घालण्यात आली. लोकांनी दोन मिनिटांत आंघोळ उरकली, आंघोळीचं पाणी संडासाला वापरलं आणि शहराचा वापर तीन वर्षांपूर्वीच्या तुलनेत निम्म्यावर आणला. नळ बंद करण्याची वेळ टळली. पण ते संकटातलं जगणं होतं. नेहमीच्या जगण्यासाठी, आरोग्याच्या दृष्टीने, माणशी ५० ते १०० लिटर लागतात असं जागतिक आरोग्य संघटना मानते. भरपूर पाणी येणाऱ्या शहरी घराने १०० लिटरांच्या आसपास येण्याचा प्रयत्न करावा. त्यासाठी वर सांगितलेल्या गोष्टी पुरतात.

त्याखाली उतरताना काही जागी हात आखडू नये. जेवणापूर्वी आणि संडासानंतर हात धुणं, तान्ह्या बाळाचे लंगोट, आजारी माणसाची खोली आणि न्हाणीघर, पाळीच्या दिवसांतली स्वच्छता, उन्हात राबून आलेल्याची आंघोळ, दारात आलेल्या तहानलेल्याचं पाणी. घरात काटकसर सुरू झाली की तिचा भार बहुधा घरातल्या बाईवर पडतो. सगळ्यांच्या शेवटी आंघोळ करणारी आणि सर्वांत कमी पाणी घेणारी तीच असते. म्हणून हिशेब घरातल्या सगळ्यांनी मिळून करावा : एका रविवारी प्रत्येकाने आपापली बादली, आपापले दट्टे, आपापला शॉवर मोजावा, आकडे एका कागदावर लिहावेत आणि कोणाचा आकडा कशामुळे मोठा आहे ते समोरासमोर पाहावं. त्यानंतरच्या महिन्यात टाकीत बाटली ठेवायची की वायसर बदलायचा, हे त्या कागदावरूनच ठरतं.